छातीवर मोबाइल ठेवून हृदयाची हालचाल कशी रेकॉर्ड करायची (आणि त्यातून नक्की काय कळतं)

आधी एक साधी गोष्ट करून बघा (पेसमेकर असेल तर नाही, का ते पुढे सांगतो). उताणे पडा, मोबाइल छातीच्या मधल्या हाडावर स्क्रीन वर करून ठेवा, मान जरा उचलून स्क्रीनमध्ये दिव्याचं जे प्रतिबिंब पडलंय त्याच्याकडे बघा आणि श्वास सोडून दोन-तीन सेकंद थांबा. दर ठोक्याला ते प्रतिबिंब टचकन हलतं. ते हलणं मोजायचं, एवढंच हे सगळं प्रकरण आहे, बाकी फिल्टर-बिल्टर नंतरचं.

आता कोणी म्हणेल घड्याळ ठोके दाखवतंच की मनगटावर, मग हा खटाटोप कशाला. तर घड्याळ हिरवा लाइट मारून मनगटातलं रक्त कमी-जास्त होताना बघतं, म्हणजे ठोका पडून गेल्यावर त्याची लाट हातापर्यंत पोचली की ते मोजतं. किती ठोके पडले ते कळतं, पण ठोका आतून कसा पडला, व्हॉल्व्ह कधी उघडला, कधी मिटला, रक्त बाहेर टाकायला किती वेळ लागला, ते मनगटावरून नीट कळत नाही. छातीच्या हाडावर मात्र हे सगळे धक्के थेट येतात. याला सिस्मोकार्डिओग्राफी म्हणतात, भूकंपमापक जसं जमिनीचं हलणं टिपतो तसं छातीचं. कल्पना जुनीच आहे, १८७७ मध्ये गॉर्डन नावाच्या माणसाने लिहून ठेवलंय की वजनकाट्यावर स्तब्ध उभं राहिलं तरी काटा ठोक्याच्या तालावर थरथरतो. मग १९३० च्या दशकात फिलाडेल्फियात आयझॅक स्टार यांनी त्यासाठी अख्खं हलतं टेबलच बनवलं, माणसाला त्यावर झोपवायचं आणि टेबलाची हालचाल टिपायची. आज तेच काम ॲक्सिलरोमीटर नावाची, म्हणजे प्रवेग मोजणारी, नखाएवढी चिप करते आणि ती तुमच्या खिशात ऑलरेडी आहे.

पुढे जायच्या आधी एक गोष्ट, ही प्लीज स्किप करू नका. ज्यांना पेसमेकर किंवा शरीरात बसवलेलं शॉक देणारं यंत्र आहे त्यांच्या छातीवर मोबाइल ठेवायचा नाही. बऱ्याच फोनमध्ये मॅग्नेट असतात आणि असे फोन त्या यंत्रापासून निदान १५ सेंटीमीटर लांब ठेवा असं कंपन्या स्वतःच सांगतात. घरातल्या कोणावर "चल तुझं पण बघूया" म्हणून ठेवण्याआधी हे विचारून घ्या. आणि छातीत दुखतंय, दम लागतोय, चक्कर येतेय अशा वेळी रेकॉर्डिंग करत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं.

सेन्सर कोणता घ्यायचा

सुरुवातीला मोबाइलच पुरे. पण आपण किती बारीक गोष्ट मोजतोय याचा अंदाज हवा म्हणून थोडं गणित सांगतो. पृथ्वीचं गुरुत्व म्हणजे १ जी धरलं तर हृदयाच्या धक्क्याने छातीचं हाड साधारण १० मिली-जी च्या आसपास हलतं, म्हणजे शंभरातला एक भाग, माणसागणिक कमी-जास्त. आता स्वस्तातला एमपीयू-६०५० सेन्सर घेतला तर त्याचा स्वतःचा नॉइज, म्हणजे खरखर, हर्ट्झच्या वर्गमुळामागे ४०० मायक्रो-जी असतो, २५ हर्ट्झचा पट्टा बघितला तर ४०० गुणिले ५ (२५ चं वर्गमूळ), म्हणजे २ मिली-जी. दहाच्या सिग्नलवर दोनची खरखर. ठोका दिसतो, पण बारीक खाचाखोचा बुजतात. एडीएक्सएल३५५ सारखा चांगला सेन्सर घेतला तर त्याचा आकडा २५ च्या आसपास, म्हणजे खरखर ०.१२५ मिली-जी, आणि ग्राफ एकदम स्वच्छ. स्वतः बोर्ड जोडणार असाल तर रेंज ±२ जी ठेवा, उगाच ±१६ वर ठेवलीत तर बारीक हालचाल पायऱ्या-पायऱ्यांची दिसते. मी ही चूक दोन आठवडे करत होतो आणि दोष वायरिंगला देत होतो.

चेस्ट स्ट्रॅप किंवा छातीवर चिकटवायचा पॅच असेल आणि त्याचा कच्चा डेटा बाहेर काढता येत असेल तर सगळ्यात उत्तम, कारण पॅच हलका असतो आणि कातडीसोबत हलतो. मोबाइल दोनशे ग्रॅमचा ठोकळा, तो स्वतःच्या वजनाने धक्का थोडा दाबतोच. मनगटाच्या घड्याळातला हालचालीचा सेन्सर आणि गादीखाली ठेवायचे सेन्सर यांचं वेगळं आहे, त्यांच्यात छातीची स्थानिक हालचाल येत नाही, रक्त महाधमनीत जोरात गेल्यावर अख्ख्या शरीराला जो उलटा झटका बसतो तो येतो. त्याला बॅलिस्टोकार्डिओग्राफी म्हणतात आणि त्याच्या लाटांची नावंही वेगळी, एच, आय, जे, के अशी, त्यातली 'जे' ही लाट सगळ्यात उंच. सांगायचा मुद्दा हा की गादीखालच्या ग्राफवर "हा बघ व्हॉल्व्ह उघडला" असं बोट ठेवू नका, ते दोन वेगळे प्रकार आहेत आणि नेटवर लोक सर्रास मिक्स करतात.

रेकॉर्डिंग

माझ्या मते ऐंशी टक्के काम इथेच आहे. नंतर कितीही भारी कोड लिहा, रेकॉर्डिंग फालतू असेल तर काही होत नाही.

ॲप म्हणून फायफॉक्स घ्या, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने बनवलंय, फुकट आहे, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीवर चालतं. त्यात प्रवेगाचे दोन पर्याय दिसतील, गुरुत्वासकट आणि गुरुत्व वजा करून. मोह दुसऱ्याचा होतो पण घ्यायचा पहिला, कारण दुसऱ्यात फोनने आधीच काहीतरी हिशोब करून आकडे बदललेले असतात, आणि आपल्याला कच्चा माल हवाय. गुरुत्व नंतर फिल्टरने आपोआप जातं. शिवाय कच्च्यात एक फायदा असा की झोपल्यावर झेड अक्ष ९.८ च्या आसपास दाखवतोय का ते बघितलं की फोन सपाट आहे की कललाय ते लगेच कळतं. त्याच ॲपमध्ये जायरोस्कोपही (वळणं मोजणारा सेन्सर) आहे, तो पण कधीतरी चालवून बघा, छातीचं हाड नुसतं वर-खाली होत नाही, किंचित वळतंही, आणि काही लोकांत जायरोचा सिग्नल जास्त साफ येतो.

फोनचं कव्हर काढा. जाड रबरी कव्हर म्हणजे उशीच, सगळं शोषून घेतं. फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि व्हायब्रेशन बंद, नाहीतर मधेच मेसेज आला की ग्राफवर असा डोंगर उभा राहतो की हृदय त्याच्या पायथ्याशी दिसतही नाही. जागा कोणती, तर दोन्ही बाजूच्या बरगड्या जिथे खाली येऊन मिळतात तिथे मधे एक मऊसर टोक लागतं, त्याच्या जरा वर, हाडावर. मांसल भागावर नाही, डाव्या बाजूला सरकवून "हृदयावर" तर अजिबात नाही. हृदय डावीकडे म्हणून फोन डावीकडे ठेवणारे बरेच आहेत, तिथे स्नायू आणि चरबी मधे येते. बायकांनाही हीच जागा, मधलं हाड, काही वेगळं नाही. थेट कातडीवर किंवा एका पातळ कपड्यावर ठेवा, फोनची लांबी शरीराच्या लांबीला समांतर. घसरत असेल तर दुहेरी चिकटपट्टीचा छोटा तुकडा, किंवा सैलसर पट्टा.

मग ॲपमध्ये टाइम्ड रन लावा, सुरू व्हायला १० सेकंद उशीर आणि रेकॉर्डिंग ९० सेकंद. असं का, तर बटण दाबायला हात हलतो आणि ती हालचाल विरायला वेळ लागतो. सुरू करायच्या आधी पाच मिनिटं नुसतं पडून राहा. ही पाच मिनिटं सगळेच खातात, मीही खायचो, आणि मग सकाळचे आकडे रोज वेगळे का येतात म्हणून डोकं खाजवत बसायचो, तर मी कधी जिना चढून येऊन लगेच आडवा व्हायचो आणि कधी उठल्या उठल्या. रेकॉर्डिंग चालू असताना बोलायचं नाही, गिळायचं नाही, श्वास नेहमीसारखा. त्याच गादीवर दुसरं कोणी कूस बदललं तरी ते ग्राफमध्ये येतं.

चालताना मोजता येईल का असं सगळे विचारतात. चालताना एकेका पावलाचा धक्का हृदयाच्या धक्क्याच्या कितीतरी पट मोठा, आणि गंमत म्हणजे पावलं पडतात सेकंदाला दोनच्या आसपास आणि हृदयही तेवढ्यातच चालतं, त्यामुळे फिल्टरने वेगळं काढायलाही जागा नाही. घरच्या घरी नाद सोडा. चालून झाल्यावर थांबून मोजा.

डेटा साफ करणं

ॲपमधून सीएसव्ही (आकड्यांच्या तक्त्याची साधी फाइल) बाहेर काढा आणि पायथनमध्ये उघडा. पहिलं बघायचं ते वेळेचा कॉलम. फोन सेकंदाला २०० वेळा मोजतो असं म्हणत असला तरी दोन नोंदींमधलं अंतर एकसारखं नसतं, कधी ५ मिलिसेकंद, कधी ७, म्हणून आधी सगळं एकसमान वेळेवर आणून घ्यायचं, साधं लिनियर इंटरपोलेशन (दोन नोंदींमध्ये सरळ रेघ धरून मधला आकडा काढणं) चालतं. मग १ ते ४० हर्ट्झचा बटरवर्थ बँडपास, म्हणजे या पट्ट्याबाहेरचं सगळं काढून टाकणारा फिल्टर. इथे पायथनच्या सायपायमधलं फिल्टफिल्ट वापरा, ते पुढून आणि मागून दोन्हीकडून फिल्टर लावतं, नुसता एलफिल्टर नको, कारण एकाच दिशेने फिल्टर लावला की शिखरं पुढे सरकतात आणि आपल्याला तर शिखरांच्या वेळाच मोजायच्यात. तो १ हर्ट्झच्या खालचा भाग फेकून द्यायचा आधी एकदा वेगळा काढून बघा, तिथे तुमचा श्वास बसलेला असतो, छाती वर-खाली होताना फोन कलतो त्याची छान संथ लाट. एका सेन्सरमध्ये दोन गोष्टी मिळतात.

आता ठोके शोधणं. सिग्नलच्या प्रत्येक आकड्याचा वर्ग करा, थोडा गुळगुळीत करा, आणि शिखरं मोजा. आणि इथेच मी पहिल्या दिवशी हबकलो होतो. निवांत पडलेलो असताना माझे ठोके आले मिनिटाला १३२. बोटाने नाडी मोजली तर ६६. म्हणजे बरोबर दुप्पट, आणि पाच मिनिटं मी खरंच घाबरलो होतो हे कबूल करतो. कारण साधं आहे, दर ठोक्याला दोन धक्के असतात, एक रक्त बाहेर पडताना आणि दुसरा व्हॉल्व्ह मिटताना, साधारण त्याच वेळांना डॉक्टरांना स्टेथोस्कोपमध्ये लब आणि डब ऐकू येतं. माझा कोड दोन्ही मोजत होता. ओळखायची खूण अशी की शिखरांमधली अंतरं आखूड-लांब-आखूड-लांब येतात, ३०० मिलिसेकंद, मग ६००, मग परत ३००. दोन शिखरांत निदान ०.४ सेकंद अंतर हवं अशी अट घातली की विश्रांतीच्या रेकॉर्डिंगपुरतं काम भागतं. तरीही पहिल्या काही वेळा बोटाने नाडी मोजून ताळा करायचाच, लाज बाळगू नका.

ठोके सापडले की प्रत्येक ठोक्याचा तुकडा कापा आणि सगळे एकावर एक ठेवून सरासरी काढा. ही युक्ती फार मोठी आहे. खरखर ठोक्यांच्या वर्गमुळाने कमी होते, म्हणजे ४९ ठोके घेतले तर ती सातपट खाली येते, आणि जो ग्राफ आधी झुडपासारखा दिसत होता त्यातून एकदम एक आकार वर येतो. मला तो पहिल्यांदा दिसला तेव्हा मी पाच मिनिटं नुसता बघत बसलो होतो, आपल्याच छातीतलं दार उघडताना बघितल्यासारखं वाटतं. फक्त सरासरी काढताना वेडेवाकडे ठोके बाजूला काढा, पण फेकून देऊ नका, त्यांचं सांगतो पुढे.

वाचायचं कसं

सरासरी आकारात पहिल्या घोळक्यातलं उंच शिखर म्हणजे एऑर्टिक व्हॉल्व्ह (डावा कप्पा आणि महाधमनी यांच्या मधली झडप) उघडण्याची वेळ असं साधारण धरतात, त्याला एओ म्हणतात. त्यानंतर साधारण ३०० मिलिसेकंदांनी दुसरा, छोटा घोळका, तिथे एऑर्टिक व्हॉल्व्ह मिटतो, तो एसी. या दोघांमधलं अंतर म्हणजे डावा कप्पा रक्त बाहेर टाकत होता तो वेळ. यासाठी ईसीजी लागत नाही, एकट्या सेन्सरवर निघतं, म्हणून घरी करायला हाच आकडा सगळ्यात बरा. दुसरा कामाचा आकडा म्हणजे ईसीजीतली विजेची ठिणगी पडल्यापासून व्हॉल्व्ह उघडेपर्यंतचा वेळ, आकुंचनाची तयारी म्हणा हवं तर, पण तो हवा असेल तर सोबत ईसीजी एकाच घड्याळावर रेकॉर्ड व्हायला हवा. दोन वेगळ्या यंत्रांची घड्याळं २० मिलिसेकंदांनी जरी चुकली तरी १०० च्या आकड्यात ती २० टक्के चूक, त्यामुळे जमत नसेल तर सोडून द्या.

आकडे किती असावेत याला १९६८ मध्ये वाइस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलेली जुनी सूत्रं आहेत. पुरुषांसाठी रक्त टाकायचा वेळ म्हणजे ४१३ वजा १.७ गुणिले ठोके, आणि तयारीचा वेळ म्हणजे १३१ वजा ०.४ गुणिले ठोके. माझे ६६ घातले तर ३०१ आणि १०५ येतात, भागाकार ०.३५. हृदय कमजोर झालं की तयारीला वेळ जास्त लागतो आणि रक्त टाकायचा वेळ आखडतो, म्हणून हा भागाकार वाढतो. पण तुमचा एओ-एसी ३०१ ऐवजी २८५ आला म्हणून रात्री जागू नका. फोन २०० हर्ट्झचा असेल तर एक नोंदच ५ मिलिसेकंदांची, त्यात शिखर कोणतं धरलं यावर आणखी १०-२० इकडे-तिकडे, शिवाय आकार माणसागणिक इतका बदलतो की काहींच्यात एसी शोधायला भिंग लागतं. दुसऱ्याशी तुलना करण्यात अर्थ नाही. स्वतःची स्वतःशी, तीच जागा, तीच वेळ, तीच पोझिशन, दोन आठवडे रोज, मग तुमची नेहमीची रेंज तयार होते आणि मग बदल दिसला तर तो बदल.

सेटअप चालतोय का हे तपासायला एक छोटा प्रयोग करा. आडवे पडून एक रेकॉर्डिंग, मग सावकाश उभे राहून, दोन मिनिटं थांबून, फोन पट्ट्याने त्याच जागी बांधून दुसरं. उभं राहिल्यावर रक्त पायात उतरतं, हृदयात परत कमी येतं, त्यामुळे ठोके वाढतात आणि एओ-एसी आखडतो. तो आखडलेला दिसला नाही तर शिखरं चुकीची पकडलीत असं समजा. (उभं राहिल्यावर चक्कर येण्याचा त्रास असणाऱ्यांनी हा प्रयोग करू नये.)

आता ते वेडेवाकडे ठोके. बाबांचं रेकॉर्डिंग केलं तेव्हा दर वीस-पंचवीस ठोक्यांनंतर एक ठोका लवकर यायचा, आणि तो ग्राफवर अगदी बुटका दिसायचा, मग जरा लांब गॅप, आणि त्यानंतरचा ठोका एकदम दणकट. अवेळी पडलेल्या ठोक्याला कप्पा भरायला वेळच मिळत नाही, मग तो बाहेर काय टाकणार, आणि पुढच्याला जास्त वेळ मिळतो म्हणून तो जोरात. बाबा कित्येक दिवस म्हणायचे छातीत मधेच एक ठोका चुकतो आणि मग धप्पकन बसतो, आम्ही म्हणायचो गॅस असेल. घड्याळाने यातलं काही दाखवलं नव्हतं. डॉक्टरांनी ईसीजी काढला, अवेळी ठोकेच निघाले.

याउलट अंतरं कुठल्याच पॅटर्नशिवाय सतत वेडीवाकडी येत असतील, आखूड-लांब काही धरबंध नाही, तर एट्रियल फिब्रिलेशनची (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा ताल बिघडणं) शंका घ्यायची. यावर चांगलं काम झालंय, फिनलंडच्या तुर्कूमधल्या लोकांनी २०१८ मध्ये ३०० पेशंटच्या छातीवर साधा फोन ठेवून हे तपासलं होतं, त्यातल्या अर्ध्यांना फिब्रिलेशन होतं, आणि ९५ टक्क्यांच्या आसपास अचूकतेने ओळखता आलं. पण ते तयार केलेलं, तपासलेलं अल्गोरिदम होतं, तुमचा-माझा रविवारी लिहिलेला कोड नव्हे. आपण फक्त शंका घ्यायची, शिक्का ईसीजीच मारणार.

काय मिळत नाही तेही सांगून टाकतो. ब्लड प्रेशर मिळत नाही, कोणी कितीही दावा करू दे, एका ॲक्सिलरोमीटरवरून नाही. धमनीत ब्लॉक आहे का ते कळत नाही. एका ठोक्याला किती मिलिलिटर रक्त गेलं तेही नाही, ग्राफची उंची बघून लोक तसा अंदाज बांधतात पण उंची फोन कसा टेकलाय यावर सुद्धा बदलते. ग्राफ छान आला म्हणजे हृदय ठणठणीत असंही नाही. आणि कोणाच्या गोळ्या ग्राफ बघून कमी-जास्त करायच्या नाहीत, हे सांगायला लागू नये पण सांगतोय.

फाइलच्या नावात तारीख, वेळ, आडवं की उभं, आणि आधी काय केलं होतं ते घाला, चहा-कॉफी, व्यायाम, झोप कमी झाली, ताप होता, सगळं. तीन महिन्यांनी "टेस्ट फायनल २" नावाच्या फाइलवरून काही आठवत नाही. आणि डॉक्टरांकडे जाताना कच्ची सीएसव्ही किंवा लॅपटॉप घेऊन जाऊ नका, त्यांच्याकडे तेवढा वेळ नसतो. एका कागदावर सलग दहा-बारा ठोक्यांची पट्टी, ज्यात विचित्र वाटलेला ठोका आहे, आणि तो साधारण किती वेळा येतो ते एका ओळीत. बाबांच्या वेळी तेवढाच कागद नेला होता, त्यांनी तो दहा सेकंद बघितला आणि म्हणाले झोपा, ईसीजी काढू.